बुरशीचा रुग्ण नोंदीतून निसटतो कुठे? या चुका टाळा

संध्याकाळचे साडेपाच. मामा ऑपरेशन थिएटरमधून डबी घेऊन लॅबमध्ये येतात. आत सायनसमधून काढलेला तुकडा, फॉर्मवर 'म्यूकर? अर्जंट' (म्हणजे म्यूकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराची शंका), आणि झाकण उघडताच नाकात जाणारा फॉर्मॅलिनचा वास. कल्चरची आशा तिथेच संपते, कारण फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते आणि मेलेली बुरशी प्लेटवर वाढत नाही. मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात आहे. अशी डबी आली की मला रुग्णाइतकीच काळजी नोंदीचीही वाटते. हा रुग्ण आता कुठल्या रजिस्टरमध्ये दिसणार?

2021 चा उन्हाळा आपण कुणीच विसरलेलो नाही. 20 मे 2021 ला केंद्राने राज्यांना पत्र पाठवून म्यूकरमायकोसिस 1897 च्या साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला. जुलैपर्यंत देशात 45 हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. ही मोजणी इतक्या जोमाने झाली त्यामागे एक साधं कारण होतं: ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाचा तुटवडा होता आणि राज्यांना ते रुग्णसंख्येनुसार मिळत होतं. आकडा पाठवला तर औषध येणार, म्हणून सगळे आकडा पाठवत होते. तुटवडा सरला आणि घाईही सरली. आजार मात्र गेलेला नाही, आणि बाकीच्या बुरशींना तर तशी मोजणी कधी मिळालीच नाही.

एकाच डबीत सगळं पाठवणं

तुकडा निघाला की दोन डब्या लागतात. फॉर्मॅलिनची हिस्टोपॅथॉलॉजीला (ऊतीच्या स्लाइड बघणाऱ्या विभागाला), निर्जंतुक सलाइनची आमच्याकडे. सलाइन नुसतं शिंपडायचं नाही, तुकडा ओला राहिला पाहिजे. रात्र झाली म्हणून फ्रिजमध्येही ठेवू नका. काळ्या खपलीवरून फिरवलेला स्वॅब पाठवून भागत नाही, खालचा ऊतीचा तुकडाच हवा.

लॅबमधल्यांनीही एक सांभाळायचं. इतर नमुन्यांसारखा हा तुकडा वाटून काढू नका. म्यूकरच्या तंतूंना आडवे पडदे जवळपास नसतात. तंतू चिरडला की आतलं सगळं सांडतं आणि तो मरतो. ब्लेडने बारीक तुकडे करून प्लेटवर ठेवा. त्याच संध्याकाळी केओएचची (पोटॅशियम हायड्रॉक्साइडची) स्लाइड लावा. रुंद, फितीसारखे, काटकोनात फाटे फुटलेले तंतू दिसले, तर रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता वॉर्डला फोन करा. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे तंतू बारीक असतात, पडद्यांचे, आणि फाटे तिरके. नवख्या रेसिडेंटला या दोन स्लाइड शेजारीशेजारी दाखवल्या की सहसा पुन्हा सांगावं लागत नाही.

'काळी बुरशी' या नावानेही नुकसान केलं. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, मग रक्त न मिळालेला भाग काळा पडतो. काळं दिसायची वाट बघणं म्हणजे उशीर करणं. मधुमेही माणसाचा एका बाजूचा गाल बधिर झाला, वरचे दात दुखायला लागले, नाकातून रक्तमिश्रित स्राव आला, पापणी खाली आली, तर तेव्हाच तपासा.

'कल्चर निगेटिव्ह, म्हणजे केस नाही'

ही समजूत सगळ्यात जास्त रुग्ण गाळते. म्यूकर असूनही कल्चर न वाढणं अगदी नेहमीचं आहे. गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकान या रक्ताच्या चाचण्याही म्यूकर पकडत नाहीत, त्यामुळे त्या निगेटिव्ह आल्या म्हणून निश्चिंत होऊ नका. निदान पुष्कळदा हिस्टोपॅथॉलॉजीच्या स्लाइडवर होतं. तो कागद ईएनटीच्या फायलीत लागतो, आणि नोंद पाठवणारी आमची लॅब 'नो ग्रोथ' लिहून मोकळी होते. उपाय अगदी घरगुती आहे: आठवड्यातून एकदा रजिस्टर घेऊन पॅथॉलॉजीत जा आणि समोरासमोर बसून नावं जुळवा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मला याचा जास्त उपयोग झाला आहे.

याच्या उलटी चूकही होते. ॲस्परजिलसचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यातून पावसाळ्यात भिंतींना ओल आली की विचारायलाच नको. बेडक्यात एकदा ॲस्परजिलस वाढला किंवा लघवीत कॅन्डिडा ही यीस्ट प्रकारची बुरशी आली, एवढ्यावर केस धरू नका. लक्षणं, सीटी आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती बघून मगच मोजा. फुगलेला आकडा लपलेल्या आकड्याइतकाच दिशाभूल करतो.

रक्तात 'यीस्ट' सापडलं, आणि तिथेच थांबलो

आयसीयूतल्या रुग्णाच्या ब्लड कल्चरमध्ये यीस्ट वाढलं. रिपोर्टवर 'कॅन्डिडा स्पीशीज'. डॉक्टरांनी फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू केलं. पण ते कॅन्डिडा ऑरिस असेल तर? त्याचे बहुतेक प्रकार फ्लुकोनाझोलला दाद देत नाहीत. 2009 मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातल्या नमुन्यावरून त्याचं पहिलं वर्णन झालं, म्हणून नाव ऑरिस, लॅटिनमध्ये कान. आता कॅन्डिडोझायमा ऑरिस असं नवं नावही वापरतात, तेव्हा एकच जंतू दोन नावांनी दोनदा मोजू नका. जुन्या डेटाबेसची स्वयंचलित यंत्रं त्याला अनेकदा कॅन्डिडा हेम्युलोनी ही दुसरीच जात ठरवतात. रिपोर्टवर हेम्युलोनी दिसलं की थांबा आणि माल्डी-टॉफ (जंतूची जात ओळखणारं यंत्र) असलेल्या लॅबकडे खात्रीसाठी पाठवा. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2022 मध्ये 19 धोकादायक बुरशींची यादी काढली, त्यातल्या सर्वांत वरच्या गटात हा आहे.

तो कातडीवर, पलंगाच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि क्वाटर्नरी अमोनियमची नेहमीची जंतुनाशकं त्याला पुरत नाहीत. सोडियम हायपोक्लोराइट लागतं. म्हणून इथे संसर्ग नसून नुसता कातडीवर सापडला तरी नोंदवा, फक्त रकाना वेगळा ठेवा. आणि रुग्णाला दुसरीकडे हलवताना ट्रान्स्फर समरीवर ही ओळ ठळक लिहा. अंधेरीहून परळला निघालेल्या रुग्णाबरोबर फाइल जाते, पण ही ओळ बहुतेक वेळा राहून जाते. मग पुढच्या आयसीयूतल्या सिस्टरना तीन रुग्ण झाल्यावर कळतं.

'निरंक'

दर आठवड्याला अहवाल जातो आणि त्यात बुरशीपुढे 'निरंक' लिहिलेलं असतं. निरंकचे दोन अर्थ होतात: शोधलं आणि सापडलं नाही, किंवा शोधलंच नाही. वर बसलेल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून निरंकच्या शेजारी किती नमुने तपासले ते लिहा. शून्य नमुने असतील तर शून्य लिहा, त्यात कमीपणा काही नाही. उलट, या भागात तपासणीची सोयच नाही हे त्यातूनच कळेल.

टीबीच्या सावलीत

मुंबईत ही चूक सगळ्यात खोल मुरलेली आहे. टीबीची औषधं पूर्ण केलेला माणूस दोन-तीन वर्षांनी पुन्हा खोकत येतो. वजन उतरलेलं, बेडक्यातून रक्त. घरचे म्हणतात टीबी उलटला, डॉक्टरांनाही तेच वाटतं. बेडक्यात टीबीचे जंतू मिळत नाहीत, तरी औषधं पुन्हा सुरू होतात. एक्स-रेत जुन्या पोकळीची भिंत जाड झालेली असते, कधी आत बुरशीचा गोळाही दिसतो. हा ॲस्परजिलस असू शकतो. रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडी आणि सीटीवरून कळतं. टीबीची नोंद निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर पुन्हा होते, बुरशीची कुठेच होत नाही. म्हणजे एक आकडा खोटा वाढतो आणि दुसरा जन्मालाच येत नाही. टीबीच्या चाचण्या वारंवार निगेटिव्ह आल्या की ही शंका घ्याच. आणि टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असताना बुरशीवरचं इट्राकोनाझोल दिलं तर त्याचं रक्तातलं प्रमाण पार घसरतं, हेही ध्यानात ठेवा.

एचआयव्हीच्या रुग्णाला दिवसेंदिवस डोकेदुखी असेल, तर टीबी मेनिंजायटिस म्हणण्याआधी क्रिप्टोकॉकल अँटिजेन चाचणी करा; क्रिप्टोकॉकस या बुरशीनेही मेनिंजायटिस होतो. इंडिया इंकच्या स्लाइडवर हा जंतू सुटू शकतो.

पत्ता आणि तारीख

पालघरचा रुग्ण कुर्ल्याला भावाकडे उतरतो आणि फॉर्मवर कुर्ला येतं. मूळ पत्ता आणि सध्याचा पत्ता, दोन्ही विचारा. तारीखही लक्षणं सुरू झाल्याची लिहा, रिपोर्टची नको. एकच माणूस तीन रुग्णालयांतून फिरला तर तीन स्पेलिंगनी तीन केस होतात. वय, फोन आणि शस्त्रक्रियेची तारीख जुळवली की दुबार नावं सापडतात.

दवाखाना छोटा आहे, नोंदवणं मोठ्या रुग्णालयांचं काम, असं कुणी म्हटलं की मला डॉ. अकासियो व्हिएगस आठवतात. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत रुग्ण तपासताना त्यांनी प्लेग ओळखला आणि तो उघडपणे सांगितला. वर ज्या कायद्याचा उल्लेख केला, तो त्याच साथीतून आला. खात्रीच्या रिपोर्टसाठी थांबू नका. संशय आला त्याच दिवशी महापालिकेच्या वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा आणि 'संशयित' लिहा. पुढे निदान बदललं तर नोंदही बदलता येते.

शेवटचा रकाना 'परिणाम'. तिथे 'डिस्चार्ज' लिहून केस बंद होते. म्यूकरची औषधं घरी गेल्यावरही कित्येक आठवडे चालतात, आणि पुष्कळ काही त्याच काळात घडतं. सहा आणि बारा आठवड्यांनी फोन करा. त्यासाठी डिस्चार्जच्या दिवशी दोन नंबर घ्या, आणि नंबर मुलाचा आहे की शेजाऱ्यांचा, तेही शेजारी लिहून ठेवा.