शाळेत मॉडेल रेसकारची स्पर्धा कशी भरवावी

आठवीतल्या मुलांना विचारा, इंजिनिअर नेमकं काय करतो? ‘पूल बांधतो’, ‘कंपनीत जातो’, यापुढे गाडी सरकत नाही. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांनी यात फार फरक पडलेला मी तरी पाहिलेला नाही. एक छोटी रेसकार बनवायला दिली, की तीच मुलं बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर मागायला येतात.

कल्पना उसनी आहे. ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘एफ-वन इन स्कूल्स’ या स्पर्धेत, जिचं नाव आता ‘स्टेम रेसिंग’ आहे, मुलं संगणकावर गाडी रेखाटतात, ठोकळ्यातून कोरून घेतात आणि २० मीटरच्या ट्रॅकवर सोडतात. मागे ८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची कुपी असते, तिच्यातला गॅस सुटला की गाडी पुढे झेपावते. चांगली गाडी हे अंतर साधारण एका सेकंदात कापते, म्हणजे सरासरी ताशी ७२ किलोमीटर. पण नुसती वेगवान गाडी आणून जगज्जेतेपद मिळत नाही. आराखड्याची फाइल, परीक्षकांपुढचं सादरीकरण, प्रायोजक कसे मिळवले, या सगळ्याला गुण असतात.

आपल्याला गॅसची कुपी नको. ती महाग पडते, आणि दाबाखालची वस्तू तीस मुलांच्या हातात द्यायची माझी तरी हिंमत नाही. बेचकी पुरे.

ट्रॅक

शाळेच्या व्हरांड्यात १० मीटर तंगूस (मासे पकडायचा नायलॉनचा दोरा) जमिनीलगत ताणून बांधा. गाडीच्या पोटाला पुढे-मागे दोन कडीचे स्क्रू लावून त्यांतून तंगूस ओवला की गाडी रुळावर राहते. सुरुवातीला फळीवर दोन मजबूत खिळे आणि त्यांच्यात सायकलच्या ट्यूबची पट्टी. पट्टी दर वेळी एकाच खुणेपर्यंत, समजा २० सेंटिमीटर, मागे ओढायची. दुसऱ्या टोकाला जुनी उशी. सोडणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि ट्रॅकवर ओणवं होऊन कुणी बघायचं नाही.

धक्का सगळ्यांना सारखा, त्यामुळे जो फरक पडेल तो गाडीच्या रचनेचा. स्पर्धेचा सगळा जीव यात आहे.

गाडी

चार-चार मुलांचे गट करा. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानांत बाल्सा लाकूड मिळतं. कोकणात पांगारा हलका असतो, तोही चालेल. काहीच नाही तर जाड थर्माकोल. आधी कागदावर वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन चित्रं, मोजमापांसह. शाळेत सरकारी योजनेतली अटल टिंकरिंग लॅब असेल तर ‘टिंकरकॅड’ या संगणकावरच्या रेखाटनाच्या साधनावर गाडी रेखाटा, ते फुकट आहे, आणि चाकं थ्रीडी प्रिंटरवर काढता येतात. नसेल तर चाकांना बाटलीची झाकणं आणि आसाला सायकलचा स्पोक, तो फिरायला स्ट्रॉ.

मुलांचा सगळा जीव नाकाच्या टोकदारपणात अडकतो. खरी गोम चाकांत असते. झाकणाचं भोक केसभर जरी मध्यापासून सरकलं तरी गाडी लंगडते. खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर गाडी हलकेच ढकलून डोळा जमिनीच्या पातळीला आणा, लंगडेपणा लगेच दिसतो. (काचेच्या कडांना आधी चिकटपट्टी लावा.) दोन स्पोक समांतर नसतील तर गाडी तंगूसवर घासत जाते आणि निम्मा जोर तिथेच जिरतो.

वजनाचा वाद जरूर होऊ द्या. पट्टी तेवढीच ओढली असेल तर वजन निम्मं केल्यावर वेग दुप्पट होत नाही, फार तर १.४ पट होतो. शिवाय फार हलकी गाडी सुसाट सुटते आणि हवेच्या अडथळ्याने लवकर मंदावते. मग किती ग्रॅम बरं? हे सांगू नका. ४० ग्रॅमची किमान मर्यादा घाला आणि गप्प बसा.

मोजणी

स्टॉपवॉचवर विसंबू नका, अंगठ्याच्या चुकीतच निकाल लागतो. शेवटच्या एका मीटरच्या दोन्ही टोकांना तंगूसला चिकटून काठ्या उभ्या करा आणि फोनवर २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये चित्रण घ्या. दोन काठ्यांमधल्या फ्रेम मोजा. ३० आल्या तर २४० ला ३० ने भागून सेकंदाला ८ मीटर. प्रत्येक गटाने प्रत्येक फेरी वहीत नोंदवायची, आणि एका वेळी एकच बदल करायचा. चाकही बदललं, नाकही घासलं, तर फायदा कशाचा झाला हे देवालाही सांगता येणार नाही.

१०० पैकी ४० गुण वेगाला, ३५ वहीला, २५ प्रश्नोत्तरांना. ‘हा कोपरा गोल का केला?’ एवढं विचारलं की गाडी मुलांनी केली की बाबांनी, ते कळतं.

पहिल्याच वर्षी मी फजीत झालो. अंतिम फेरीत मुलींचा एक गट शेवटी धावला आणि हरला. त्या वही घेऊन आल्या: सरावात ३१, ३१, ३२ फ्रेम, स्पर्धेत ३६. ‘सर, जिंकलेली गाडी परत सोडा.’ सोडली. तीही मंदावली होती. दिवसभर ताणून ट्यूबची पट्टी सैल पडली होती आणि मला पत्ता नव्हता. पट्टी बदलून फेरी पुन्हा घेतली, त्या दुसऱ्या आल्या. तेव्हापासून एक गाडी मापाची म्हणून बाजूला ठेवतो आणि दर दहा धावांनंतर ती सोडून बघतो. तिच्या फ्रेम वाढल्या की पट्टी नवी.

नंतर

ज्यांना चटक लागली त्यांना पुढची वाट दाखवा. अभियांत्रिकी महाविद्यालयांतले संघ ‘बाहा’ आणि ‘सुप्रा’ या स्पर्धांसाठी, ‘फॉर्म्युला भारत’साठी, माणूस बसेल अशी गाडी स्वतः बांधतात. जवळच्या कॉलेजात असा संघ असेल तर शनिवारी त्यांच्या वर्कशॉपमध्ये मुलांना न्या. ग्रीस लागलेल्या हाताने वेल्डिंगचा सांधा दाखवणारी ताई भाषणापेक्षा जास्त लक्षात राहते.

आणि ती सैल पट्टी फेकू नका. तिला अर्ध्या किलोचं वजन टांगून दर तासाला लांबी मोजायला लावा, शेजारी नवी पट्टी टांगून. पुढच्या आठवड्याचा तास झाला.