घोड्यांचा ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला ऑल-टेरेन टायर घेताना

ऑल-टेरेन म्हणजे डांबरावर आणि कच्च्या रस्त्यावरही चालणारे टायर. ते घ्यायला गेलं की दुकानदार आधी टायरची नक्षी दाखवतो. आपण आधी आपल्या ट्रकचं दार उघडायचं. ड्रायव्हरच्या बाजूच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर टायरचा साइज, थंड टायरमध्ये किती हवा हवी आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची कमाल वजनमर्यादा लिहिलेली असते. त्याचा फोटो फोनमध्ये असल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

माझा ट्रक 2017 चा रॅम 2500 पिकअप, डिझेल. त्याला तीन घोड्यांचा गूजनेक ट्रेलर, म्हणजे ज्याची मान ट्रकच्या पाठीवरच्या हौद्यात जोडतात तो. घोडे, खोगिरं, चारा, पाणी असं सगळं धरून ट्रेलर साधारण 11,000 पौंडांवर जातो. (कोलोरॅडोत टायरवाल्याशी किलोत बोलून उपयोग नाही, म्हणून इथेही पौंडच.) आम्ही राहतो फोर्ट कॉलिन्सच्या उत्तरेला. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत खडीचा काउंटी रोड आहे आणि लव्हलँडच्या काउंटी फेअरसारख्या ठिकाणी गाडी लावायची म्हणजे बरेचदा ओलं गवत नाहीतर चिखल. ऑल-टेरेन हवेत ते एवढ्यासाठी. बाकी बहुतेक धावणं आय-25 हायवेवर. ऑगस्टअखेरीस प्वेब्लोच्या स्टेट फेअरला जाताना भर उन्हात मॉन्यूमेंट हिलचा चढ, मागे ट्रेलर. टायर निवडायचा तो या दिवसासाठी.

आता वजन. अंदाज नको, काटा करा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्यांचा वजनकाटा असतो. ट्रेलर जोडून, घोड्यांसकट त्यावर उभं राहायचं. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजनं पावतीवर वेगवेगळी येतात. माझ्या मागच्या ॲक्सलवर 5,750 पौंड आले. गूजनेकच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा ट्रकच्या पाठीवर बसतो, त्यामुळे हा आकडा फुगतो. स्टिकरवर मागच्या ॲक्सलची मर्यादा 6,500 आहे. टायर घेताना हिशेब 5,750 चा नाही, 6,500 चा करायचा, कारण चाऱ्याच्या दोन पेंढ्या जास्त टाकल्या म्हणून कोणी परत काटा करायला जात नाही.

खरी गंमत साइडवॉलवर असते. माझ्या साइजमध्ये, म्हणजे 275/70 आर18 मध्ये, एकाच नावाचे, एकाच नक्षीचे दोन टायर मिळू शकतात. एकावर साइजच्या आधी ‘एलटी’ (लाइट ट्रक) असतं, लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलण्याच्या क्षमतेचा क्रमांक, 125. हा एकच टायर 80 पीएसआय हवेच्या दाबाला 3,640 पौंड पेलतो, म्हणजे मागच्या जोडीला 7,280. दुसऱ्यावर एलटी नाही, इंडेक्स 116. म्हणजे 2,756 पौंड. तो मुळात प्रवासी गाडीच्या वर्गातला, पिकअपला लावला की क्षमता 1.1 ने भागावी लागते. उरले 2,505, जोडीला 5,010. माझा ट्रेलर जोडला की संपलं. हा टायर हलका असतो, मऊ चालतो आणि बरेचदा स्वस्तही असतो, म्हणून भुरळ पडते. अगदी एलटी असूनही इंडेक्स 121 असेल तर जोडीला 6,390 च होतात. माझ्या 6,500 ला तेही कमीच.

साइडवॉलवर लोड रेंज, म्हणजे टायरच्या मजबुतीचा वर्ग, ‘ई’ असलेला घ्या. दुकानात त्यालाच दहा प्लाय म्हणतात. आत दहा थर नसतात, ती जुन्या काळची मोजणी आहे.

नवरा 35 इंचीवर अडून बसला होता. ट्रक रुबाबदार दिसतो, खरं आहे. पण 35x12.50 लिहिलेल्या अनेक टायरची कमाल क्षमता 65 पीएसआयला मोजलेली असते, 80 ला नाही. शिवाय माझ्या साइजच्या साधारण 33 इंचांवरून 35 वर गेलं की चाक सहा टक्क्यांनी मोठं होतं. म्हणजे इंजिनाची ओढ तेवढी घटते, आणि स्पीडोमीटरचं सेटिंग बदललं नाही तर त्यावर ताशी 65 मैल दिसताना ट्रक 69 ने पळत असतो. विषय तिथेच मिटला.

वजन जमलं की मग नक्षी. ट्रेलर ओढायचा तर नक्षीतले रबरी ठोकळे फार उंच आणि सुटे नकोत. वजनाखाली ते वळवळतात, ट्रकची शेपटी डुलते आणि टायर तापतो. मधली पट्टी सलग, खांदे (बाजूच्या कडा) थोडे बंद, खाचांमध्ये खडे अडकू नयेत म्हणून उंचवटे, असं बघा. मड-टेरेनच्या, म्हणजे खास चिखलाच्या टायरच्या, वाटेला जाऊ नका. मी टोयो ओपन कंट्री ए/टी 3 घेतले. एलटी साइजला 50,000 मैलांची ट्रेडवेअर (नक्षी झिजण्याची) वॉरंटी आहे आणि त्यावर बर्फातल्या पकडीचं डोंगर-हिमकणाचं चिन्ह आहे. जानेवारीत डेन्व्हरच्या स्टॉक शोला (जनावरांच्या प्रदर्शनाला) जायचं तर ते चिन्ह हवंच. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो) म्हणजे खाचांच्या रचनेवरून दिलेला शिक्का. पण डोंगर-हिमकणाची चाचणीही बर्फात पकड घेऊन पुढे जाण्याची आहे, थांबण्याची नाही. मागे 11,000 पौंड असताना हे डोक्यात ठेवून अंतर राखा.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासायची. ट्रेलर जोडला की माझ्या ट्रकला मागे 80, पुढे स्टिकरप्रमाणे 60. पारा दहा अंश फॅरनहाइटने उतरला की हवा साधारण दोन टक्के घटते, आणि इथे एका रात्रीत चाळीस अंश सहज उतरतात. कमी हवेचा टायर वजनाखाली जास्त दबतो, दबून तापतो आणि तापून फाटतो. उन्हात धावून दाब वाढलेला दिसला म्हणून हवा काढू नका. ट्रेलर नसताना मात्र मागे 80 ठेवलं तर मधली पट्टी आधी झिजते आणि खडीवर ट्रक ससा होतो. टायर कंपनीचा भार-दाबाचा तक्ता असतो, त्याप्रमाणे उतरवा.

बसवण्याआधी चारही टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: ती टायर बनल्याची तारीख, 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. रिम बाजारातून घेतलेली असेल तर तिच्यावर कोरलेली वजनमर्यादाही बघा, टायर 3,640 चा आणि रिम त्याहून कमी असं होतं. दुकानातला पोऱ्या सवयीने सगळ्यांना सारखीच हवा मारतो, त्याला स्टिकरचा फोटो दाखवा. आणि 50 ते 100 मैल झाले की टॉर्क रेंचने नट पुन्हा आवळा, घोडे चढवण्याआधी.