खगोलशास्त्र करायचंय? मग गणित सोडू नका

मृग नक्षत्र ओळखता येतं, शनीची कडी दुर्बिणीतून पाहिली आहेत, एवढं तुमचं झालेलंच असणार. ते आकाशनिरीक्षण. हौस म्हणून उत्तम, पण करिअर त्याच्या बरंच पुढे सुरू होतं. ताऱ्याला हात लावता येत नाही, प्रयोगशाळेत आणता येत नाही. जवळजवळ सगळी माहिती त्याच्या प्रकाशातून काढायची: तापमान, वेग, घटक, सगळं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्या सोलापूरच्या खाली जमखंडीकडून गेलं. त्या वेळी सौरज्वालांच्या वर्णपटात दिसलेली पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली. पृथ्वीवर तो वायू हाती लागला १८९५ मध्ये. खगोलशास्त्राचा आवाका मला तरी या एका गोष्टीतून कळला.

आता खरा खड्डा. बीएस्सीला असताना एका क्लासवाल्यांनी सांगितलं, "गणित सोड, टक्के वाढतील." टक्के वाढले! पण एमएस्सीला आल्यावर फूरिए रूपांतर (संकेत साध्या लहरींमध्ये फोडायचं आणि परत जोडायचं गणित) समोर आलं आणि घाम फुटला. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी हे रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणींचं केंद्र आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. त्यातली एकही अँटेना एकटी फोटो काढत नाही. दोन-दोन अँटेनांचे संकेत जुळवायचे, प्रत्येक जोडीतून चित्राचा एक तुकडा मिळतो, आणि सगळ्या तुकड्यांचं फूरिए रूपांतर केल्यावर आकाशाचं चित्र उभं राहतं. म्हणजे गणित इथे दुर्बिणीचं भिंग आहे. ते नसेल तर तुमच्याकडे नुसती आकड्यांची फाइल. म्हणून पुन्हा सांगतो, कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित आणि सांख्यिकी सोडता येत असली तरी सोडू नका. सोबत पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा.

ज्यांचं सुटलंय त्यांनी घाबरू नये. मी अजून रात्री बसून ते भरून काढतोय. हळू जातं, पण जातं. इंग्रजीचंही तसंच, पेपर वाचत वाचत येतं.

"खगोलशास्त्राची पदवी" शोधत हिंडू नका. साधी भौतिकशास्त्राची बीएस्सी, एमएस्सी, मग पीएचडी. प्रमाणपत्राच्या महागड्या कोर्सवर माझा काडीचा विश्वास नाही. कृष्णविवरांचे व्हिडिओ पाहून भारावणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा वहीत गणित सोडवून घेणारे खडूस सर बरे. दुर्बीण तर आत्ता घेऊच नका. गच्चीवर जा, कोनमापक आणि ओळंबा घेऊन ध्रुवाची उंची मोजा. सोलापुरात ती १७.७ अंशांच्या आसपास यायला हवी, कारण तेच आपलं अक्षांश. दहा वेळा मोजून उत्तर का हलतं ते लिहून काढा.

२८ फेब्रुवारीच्या सुमारास जीएमआरटी सगळ्यांसाठी खुलं असतं. सोलापूरहून सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला उतरा, पुढे नारायणगावची एसटी. तिथे अँटेनासमोर सेल्फी कमी काढा आणि संशोधक विद्यार्थ्यांना विचारा, दिवसभर नेमकं काय करता? बहुतेक जण कोड दाखवतील. तो पाहून कंटाळा आला, तर घरी येऊन पुन्हा विचार करा.