सर्व्हे मीटर कसा वापरावा: काटा शून्यावर दिसला तर पुढे जाऊ नका

केळ्याला मीटर लावून "बघा, किरणोत्सर्ग!" म्हणणाऱ्या व्हिडिओंनी डोकं उठवलंय. केळ्याने हातातल्या मीटरचा काटा हलत नाही, आणि हलला तर मीटर दुरुस्तीला टाका. भोसरी-चाकण पट्ट्यात रात्रपाळीला वेल्डचे जॉइंट इरिडियमने शूट करण्यात, म्हणजे किरणोत्सर्गी इरिडियमच्या किरणांनी जॉइंटचे एक्स-रेसारखे फोटो काढण्यात, माझी वीसेक वर्षं गेली. या काळात मीटर नीट वापरणारे थोडे पाहिले, गळ्यात अडकवून मिरवणारे पुष्कळ. खाली लिहिलंय ते गामा सोर्सवर (गामा किरणं सोडणाऱ्या किरणोत्सर्गी तुकड्यावर) काम करणाऱ्यांसाठी आहे. टीएलडी बॅज (अंगावर पडलेली मात्रा नोंदवणारा बिल्ला), परवाना, कॉर्डनची (माणसं लांब ठेवायच्या वेढ्याची) दोरी, लाल दिवा या गोष्टी तुमच्याकडे आहेत असं धरूनच चाललोय. नसतील तर लेख इथेच मिटवा आणि आधी आरएसओंना (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांना) भेटा.

मीटर कोणता? गामा रेडिओग्राफीला जीएम (गायगर-म्युलर) ट्यूबवाला, म्हणजे किरणांचे ठोके मोजणारा, चालतो. तो ऊर्जेची भरपाई केलेला हवा, म्हणजे कमी-जास्त ऊर्जेच्या किरणांना सारखंच मोजणारा. पिशव्या तपासायच्या पल्स एक्स-रे मशीनपाशी तो चालत नाही. तिथे किरणं सेकंदाच्या बारीक तुकड्यांत येतात आणि ट्यूब एका झटक्याला एकच मोजते. अशा ठिकाणी आयन चेंबर (किरणांमुळे हवेत तयार होणारा विद्युतभार मोजणारा मीटर) घ्यावा. चेंबर हवेला उघडा असलेल्या प्रकारचा असेल तर पुण्यात तो समुद्रकाठच्या मानाने पाच-सहा टक्के कमी दाखवतो, कारण आपण साधारण ५६० मीटर उंचीवर आहोत आणि हवा तेवढी विरळ आहे. दुरुस्तीचा गुणक मीटरच्या पुस्तिकेत असतो. तो कोणी वाचत नाही.

कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची तारीख बघा. उलटून गेली असेल तर मीटर बाजूला ठेवा.

बॅटरी चेक करा. बटण दाबल्यावर काटा पट्टीत आला पाहिजे, "जवळपास आला" चालत नाही.

मग बॅकग्राउंड. मीटर कॅमेऱ्यापासून (सोर्स ठेवायच्या ढालीच्या पेटीला आम्ही कॅमेरा म्हणतो) लांब, कॉर्डनच्या बाहेर चालू करायचा आणि मिनिटभर नुसता बघत राहायचं. आपल्याकडचा कातळ बसाल्टचा आहे आणि ग्रॅनाइटच्या मुलखापेक्षा त्यात युरेनियम-थोरियम कमी असतं. तरी मोकळ्या मैदानात माझा मीटर तासाला ०.१ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास खेळत असतो. टिकटिक आवाजाचा मीटर असेल तर अधूनमधून एखादी टिक ऐकू आलीच पाहिजे. जमीन, आभाळ, आपलं स्वतःचं शरीर, सगळीकडून थोडं थोडं येतच असतं. त्यामुळे संवेदनशील मीटर अगदी गप्प, अगदी शून्यावर असेल तर तो चालूच नाही असं समजा.

त्यानंतर चेक सोर्स दाखवा. बऱ्याच मीटरसोबत सीझियमची छोटी चकती येते. तिचा आकडा मीटर नवा असताना लिहून ठेवायचा आणि रोज त्याच जागी, त्याच अंतरावर धरून पडताळायचा. काही जण गॅसबत्तीचं जुनं मँटल वापरतात. जुन्या मँटलमध्ये थोरियम असायचं, ते खरं आहे. पण जाड भिंतीच्या गामा मीटरला त्याचं फार काही कळत नाही, आणि मँटल चुरगळलं तर ती धूळ तुमच्याच नाकात जायची.

एककांचा घोळ एकदाच सोडवून टाका. जुने मीटर मिलिरॉन्टजेनमध्ये बोलतात (आमच्याकडे नुसतं "एमआर"), नवे मायक्रोसीव्हर्टमध्ये. कामापुरतं १ एमआर म्हणजे १० मायक्रोसीव्हर्ट. हजार मायक्रोचा एक मिली. नव्या डिजिटल मीटरवर आकडा ठसठशीत असतो आणि एकक कोपऱ्यात मुंगीएवढं. आकड्याच्या आधी कोपरा वाचायची सवय लावा.

आता खरं काम. एक्सपोजर संपलं, क्रँक (केबलने सोर्स बाहेर ढकलायचं आणि आत ओढायचं लांबचं हँडल) फिरवून सोर्स परत ओढला. आता कॅमेऱ्यापर्यंत चालत जायचं आहे. मला घाम फोडलेली पायरी ही. नवशिक्यांना याच पायरीवर सगळ्यात कमी शिकवलं जातं, कारण शिकवणाऱ्याला घरी जायची घाई असते.

आधी काय पणाला लागलंय ते आकड्यात बघू. ५० क्युरीचा इरिडियम-१९२ सोर्स उघडा पडला, तर एक मीटरवर तासाला साधारण २४० मिलीसीव्हर्ट मिळतात. आपल्यासारख्या कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसीव्हर्ट. म्हणजे वर्षाचा कोटा पाच मिनिटांत संपला. सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा १ मिलीसीव्हर्ट, ती पंधरा सेकंदांत. हे झालं एक मीटरवर. गाइड ट्यूब (सोर्स कॅमेऱ्यातून जॉइंटपर्यंत नेणारी नळी) सोडवायला हात घालाल तेव्हा बोटं सोर्सपासून काही सेंटिमीटरवर असतील, आणि अंतर दहा पटींनी कमी झालं की मात्रा शंभर पट होते. वास नाही, चटका नाही, काही जाणवत नाही. मधे उभा असतो तो फक्त तुमच्या हातातला डबा.

माझी गोष्ट सांगतो. काट्याचा मीटर, डायल ० ते २०, रेंजचा खटका ×१, ×१०, ×१०० (डायलच्या आकड्याला तितक्याने गुणायचं). सोर्स बाहेर असताना काटा आपटत होता म्हणून मी खटका ×१०० वर नेला होता. क्रँक ओढला, काटा शून्यावर बसला, मी निघालो. डोक्यात पुढचा जॉइंट आणि चहा. कॅमेऱ्यापासून सात-आठ पावलांवर असेन, तेवढ्यात मागून आमचे सीनियर ओरडले, "अरे थांब! खटका कुठंय तुझा?" मी तिथेच खटका ×१० वर आणला आणि काटा टुणकन उठला. ३० एमआर. ×१०० वर हाच आकडा डायलवर ०.३ एवढा दिसतो, काट्याच्या जाडीत लपतो. सोर्स कॅमेऱ्याच्या तोंडाशी येऊन अर्धवट अडकला होता, लॉक पडलंच नव्हतं. "मागे ये, पळू नको, मीटर बघत ये," ते म्हणाले. चहा त्या रात्री कोणीच घेतला नाही. मी त्या आठवड्यात धड झोपलो नाही.

तेव्हापासून मी पुढे लिहिलंय तसंच जातो आणि माझ्या हाताखालच्यांनाही तसंच जायला लावतो.

सोर्स ओढताना मीटर क्रँकपाशी चालू ठेवून बघायचा. कोलिमेटरमध्ये (ट्यूबच्या टोकाची, किरणं एकाच बाजूला सोडणारी ढाल) असताना आकडा दबलेला असतो. सोर्स तिथून निघाला की आकडा उसळी घेतो, गाइड ट्यूबमधून येईपर्यंत चढाच राहतो आणि कॅमेऱ्यात शिरला की धाडकन पडतो. हा चढ आणि हा उतार दोन्ही दिसले पाहिजेत. चढ दिसलाच नाही तर सोर्स कोलिमेटरमध्येच राहिला आणि नुसती केबल आली, अशी शक्यता आहे. केबलपासून सोर्स सुटतो, असं होतं. क्रँकचे फेरे मोजून "आला असेल" म्हणणाऱ्याबरोबर मी काम करत नाही.

आकडा पडला की खटका एकेक पायरी खाली आणायचा, ×१०० वरून ×१०, मग ×१. सगळ्यात खालच्या रेंजवर बॅकग्राउंडच्या जवळचं काहीतरी दिसलं की मगच पाऊल उचलायचं. आपोआप रेंज बदलणारा मीटर असेल तर कोपऱ्यातलं एकक वाचायचं, मिली की मायक्रो.

इथे एक फसवी गोष्ट आहे. साध्या जीएम ट्यूबवर फार जोराचा मारा झाला तर तिला दोन टिकांच्या मधे सावरायला वेळच मिळत नाही. ठोके एकमेकांत मिसळतात आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येतो, काही जुन्या मीटरमध्ये थेट शून्यावर. चांगले मीटर अशा वेळी ओव्हरलोड दाखवून बोंबलतात. तुमचा बोंबलतो का, हे खरेदी करतानाच विचारा. म्हणूनच मीटर लांब चालू करून चालू अवस्थेत जवळ न्यायचा. कॅमेऱ्याशेजारी जाऊन बटण दाबणं म्हणजे दरीच्या कडेला पोचल्यावर डोळ्यांवरची पट्टी काढणं.

चालताना मीटर हात लांब करून पुढे धरायचा. पोटाशी धरलात तर त्याला कळायच्या आधी तुम्हाला बसतं. चाल सावकाश ठेवायची, कारण खालच्या रेंजवर काट्याला स्थिरावायला काही सेकंद लागतात. झपझप गेलात तर तुम्ही तीन पावलांमागचा आकडा वाचत असता. दुसऱ्या हातात मोबाइल नको. लक्ष जातं हे एक, आणि काही मीटर वॉकीटॉकी किंवा फोन अगदी चिकटून असला की भलतंच काही दाखवतात.

कॅमेऱ्यापाशी पोचल्यावर मागून सुरुवात करा. मागची बाजू, दोन्ही कुशी, मग तोंड. बंद कॅमेऱ्याचाही आकडा शून्य नसतो, आतल्या ढालीतून थोडं झिरपतच असतं. तो नेहमीचा आकडा तुम्हाला पाठ हवा. मी पाळीच्या सुरुवातीला कॅमेरा लॉक असताना ठरलेल्या चार जागी मीटर टेकवून आकडे वहीत लिहितो आणि प्रत्येक एक्सपोजरनंतर त्यांच्याशी ताडतो. तोंडाशी नेहमीपेक्षा जास्त दिसलं तर सोर्स पूर्ण आत नाही. इरिडियम साधारण ७४ दिवसांत निम्मा होतो, म्हणून हे आकडे दर महिन्याला उतरत जातात. गेल्या वर्षीच्या वहीशी ताडत बसू नका.

जुळलं की लॉक करा, किल्ली काढा, आणि मग गाइड ट्यूबवरून मीटर कोलिमेटरच्या टोकापर्यंत फिरवा. हे शेवटचं फिरवणं नव्वद टक्के लोक गाळतात. ते गाळणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही. भांडणं झालीत यावरून, होऊ देत.

काही जुळलं नाही तर आल्या वाटेने मागे या, कॉर्डन वाढवा, कोणाला आत सोडू नका, आरएसओंना फोन लावा. एकदा सावकाश क्रँक फिरवून बघायला हरकत नाही. हाताने ओढणं, ट्यूब झटकणं, चिमट्याने उचलणं बिलकूल नाही. सोर्स परत मिळवायचं काम शिकलेल्या माणसांचं आहे आणि त्यांनाही आधी कागदावर गणित मांडावं लागतं. भंगारवाल्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चे तुकडे असेच हाताळले गेले आणि एका कामगाराचा जीव गेला. ते एका विद्यापीठाच्या वापरात नसलेल्या यंत्रातून लिलावात बाहेर आले होते. गेटवरच्या मीटरने आवाज केला की गाडी तिथेच थांबवा, माणसं लांब करा, माल उपसू नका.

कधी कधी गंमतही होते. एकदा आमचा हेल्पर जवळून गेला की काटा हलायचा आणि तो लांब गेला की बसायचा. तासभर सोर्स शोधत होतो. शेवटी कळलं, गडी दुपारी दवाखान्यात हृदयाचं स्कॅन करून आला होता. त्यासाठी टोचतात ते किरणोत्सर्गी टेक्नेशियम. त्याचं अर्धआयुष्य सहा तास, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काटा शांत.

निगा राखण्यात फारसं शास्त्र नाही, आळस नसला की झालं. आठवडाभर काम नसेल तर सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलने मीटर मेलेले मी ट्यूब फुटून मेलेल्यांपेक्षा जास्त पाहिलेत. पावसाळ्यात जूनपासून पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. ट्यूबला काहीशे व्होल्ट लागतात, आणि ओल शिरली की ती वीज भलतीकडे झिरपून खोट्या टिका येतात. दाणे निळे असतील तर गुलाबी झाल्यावर तव्यावर शेकून परत वापरा. शेडमधल्या धुळीत मीटर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वापरा, काम झालं की पिशवी टाका. पुसायला ओलसर फडकं पुरे, थिनर नको. अभ्रकाच्या खिडकीचा प्रोब असेल तर त्याचं टोपण काम नसताना कधीच काढू नका, गवताच्या काडीनेही ती खिडकी फुटते. आणि मीटर उघडून "जरा बघू" म्हणू नका. शॉक बसतो, शिवाय कॅलिब्रेशन गेलं.

मीटर पडला तर तो कितीही धडधाकट दिसू दे, चेक सोर्सचा आकडा जुळेपर्यंत कामाला नाही. नाशिक हायवेने चाकणला दुचाकीवरून नेत असाल तर डिकीत नको, सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळून पाठीवर घ्या. मोशीच्या पुढच्या खड्ड्यांत माझे दोन मीटर गेलेत, दुसऱ्याचे पैसे मी स्वतःच्या खिशातून भरले.