बहुकण क्वांटम भौतिकी आणि खुल्या प्रणाली: पहिले पुस्तक कसे निवडावे

हे दोन विषय एकाच पुस्तकात शोधू नयेत. अनेक कण परस्परांशी कसे वागतात हा बहुकण भौतिकीचा प्रश्न आहे, तर एखादी लहान प्रणाली भोवतालाच्या सान्निध्यात आपली क्वांटम सुसंगती (म्हणजे अवस्थांच्या मिश्रणातला ठराविक कला-संबंध) कशी गमावते हा खुल्या प्रणालींचा.

ग्रंथालयात जाण्यापूर्वी एक गणित सोडवून पाहावे. सिंग्लेट अवस्थेतले, म्हणजे एकूण स्पिन शून्य होईल असे जोडलेले, दोन स्पिन-1/2 घ्यावेत आणि त्यांपैकी एकाचाच डेन्सिटी मॅट्रिक्स, म्हणजे त्याच्या मोजमापांच्या शक्यता सांगणारा तक्ता, काढावा. कर्णावर 1/2 आणि 1/2, बाकी शून्य असे उत्तर येते. म्हणजे जोडीची अवस्था पूर्णपणे ठाऊक असूनही एकट्या स्पिनविषयी काहीच ठरत नाही. खुल्या प्रणालींचा विषय इथूनच उघडतो. आता दोनऐवजी 30 स्पिन घेतले, तर अवस्था लिहायला 107 कोटींहून अधिक संख्या लागतात, आणि बहुकण भौतिकीच्या साऱ्या युक्त्या या अडचणीतून जन्मल्या आहेत. हे गणित जमत नसेल, तर आधी क्वांटम यांत्रिकीचे पदवीचे पुस्तक पुन्हा उघडावे. त्यात कमीपणा नाही.

मग शिवाजी विद्यापीठाचे किंवा आपल्या महाविद्यालयाचे ग्रंथालय गाठावे. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई पद्धतीत बहुकण समस्येची पुस्तके 530.144 या क्रमांकावर, तर खुल्या प्रणालींची बहुधा 530.12 वर, क्वांटम यांत्रिकीच्या रांगेत असतात. एकच कपाट पाहून परत फिरणाऱ्याच्या हाती म्हणूनच अर्धाच विषय लागतो.

बहुकण भौतिकीसाठी ब्रूस आणि फ्लेन्सबर्ग यांचे 2004 चे पुस्तक मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण ते सेकंड क्वांटायझेशनपासूनच, म्हणजे कोणत्या अवस्थेत किती कण आहेत यावरून लिहिण्याच्या पद्धतीपासूनच, सुरू होते. फेटर आणि वालेका यांचे 1971 चे पुस्तक अधिक कसदार आहे, पण ते दुसऱ्या वाचनाचे. खुल्या प्रणालींवर ब्रॉयर आणि पेत्रुच्चिओने यांचा 2002 चा ग्रंथ प्रमाण मानला जातो. तो संभाव्यतेच्या गणिताने सुरू होत असल्याने नवख्याने थेट तिसऱ्या प्रकरणातली मास्टर समीकरणे (डेन्सिटी मॅट्रिक्स काळानुसार कसा बदलतो हे सांगणारी) उघडावीत. तेही जड वाटले, तर रिवास आणि उएल्गा यांचे 2012 चे शंभरेक पानांचे छोटे पुस्तक घ्यावे, किंवा डॅनियल लिडार यांची 2019 ची व्याख्यान-टिपणे अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घ्यावीत.

पुस्तक घरी नेण्यापूर्वी ग्रंथालयातच बसून त्यातील एक समीकरण दोन ओळींमधल्या गाळलेल्या पायऱ्यांसह वहीत उतरवावे. तासाभरात पुढची ओळ मिळाली, तर ते पुस्तक आपल्या नावावर नोंदवून घ्यावे.