एएचयू, डँपर, सेन्सर: टॅग लावताना या चुका टाळा

इमारतीच्या वातानुकूलन यंत्रणेत प्रत्येक यंत्राला आणि सेन्सरला एक नाव दिलेलं असतं. पण 'एसएफ' म्हणजे सप्लाय फॅन (खोल्यांकडे हवा ढकलणारा पंखा) की सेकंड फ्लोअर? नाव देणारा काम आटोपून केव्हाच निघून गेलेला असतो. एकाच इमारतीत खोल्यांकडे जाणाऱ्या हवेचं तेच तापमान कुठे 'एसएटी' (सप्लाय एअर टेंपरेचर), कुठे 'डीएटी' (डिस्चार्ज एअर टेंपरेचर), तर कुठे नुसतं 'टेंप१' या नावाने नांदत असतं.

हे पाहून बरेच जण सगळी नावं बदलायला बसतात. तिथेच पहिली चूक होते. अलार्म, ट्रेंड (आकड्यांच्या साठवलेल्या नोंदी) आणि ग्राफिक्स अनेकदा त्या जुन्या नावावरच टांगलेले असतात. कंट्रोलरमधलं नाव आहे तसं राहू द्या आणि अर्थ टॅगमध्ये, म्हणजे त्या नावाला जोडलेल्या ठरावीक शब्दांत, लिहा.

टॅगचे शब्द मात्र घरी घडवू नका. २०११ मध्ये सुरू झालेला हेस्टॅक आणि २०१६ मध्ये मांडलेला ब्रिक हे दोन खुले शब्दसंग्रह तयार आहेत. हेस्टॅकमध्ये 'डिस्चार्ज', 'एअर', 'टेंप', 'सेन्सर' असे सुटे टॅग जोडून अर्थ सांगतात, तर ब्रिकमध्ये त्यासाठी एक अख्खा वर्ग असतो. दोन्हींची खिचडी केली की शोध अर्धवट चालतो, आणि अर्धवट चाललाय हे कळतही नाही.

सगळ्यात जास्त डोकेदुखी डँपरची, म्हणजे डक्टमधली हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची. कमांड ८० टक्के आहे आणि पातं अडकून २० टक्क्यांवर थांबलंय. आता कमांड आणि पोझिशन फीडबॅक (पातं खरंच कुठे आहे ते सांगणारा आकडा) या दोन्हींवर फक्त 'डँपर' असा टॅग असेल, तर बिघाड पकडणारा नियम तुलना कशाची करणार? सेन्सर (मोजलेलं), कमांड (दिलेला हुकूम) आणि सेटपॉइंट (हवं असलेलं मूल्य) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक पॉइंट (यंत्रणेतला एकेक आकडा) यातला नेमका कोणता, ते टॅगमधून दिसलंच पाहिजे. शून्य टक्के म्हणजे बंद की उघडा, हेही तपासा. उलट जोडलेला अ‍ॅक्च्युएटर (पातं फिरवणारी मोटर) कागदावर अगदी शहाण्यासारखा वागतो. ही शंका टेबलावर बसून फिटत नाही: एकाने कमांड द्यायची, दुसऱ्याने डक्टजवळ उभं राहून पातं बघायचं.

सप्लाय (खोलीकडे जाणारी हवा) आणि रिटर्न (खोलीतून परत येणारी हवा) यांची अदलाबदल ओळखणं त्यामानाने सोपं. कूलिंग चालू असताना सप्लायची हवा रिटर्नपेक्षा गार हवी. आकडे सतत उलटे दिसत असतील, तर हवा गार करणाऱ्या कॉइलला दोष देण्याआधी टॅग पाहा. पंखा बंद असतानाचे आकडे मात्र या तपासणीत धरू नका.

एकक सोडलं की तेही छळतं. ४०० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) म्हणजे साधारण १८९ लिटर प्रति सेकंद. नुसता '४००' काहीच सांगत नाही.

'कुठे आहे' आणि 'हवा कुठून येते' यांची गल्लतही नेहमीची. व्हीएव्ही बॉक्स (खोलीत जाणारी हवा कमी-जास्त करणारा डबा) तिसऱ्या मजल्यावर असला, तरी त्याला हवा देणारा एएचयू (एअर हँडलिंग युनिट, म्हणजे हवा तयार करून डक्टमध्ये ढकलणारं मुख्य यंत्र) गच्चीवर असू शकतो. मजल्यावरून नातं ओळखलं, तर उकाड्याची तक्रार आल्यावर भलतंच मशीन उघडलं जातं. ब्रिकमध्ये 'फीड्स' (कोण कुणाला हवा पुरवतो) हे नातं जागेपासून वेगळं ठेवलंय ते यासाठीच. माझा आग्रह असा की सेन्सरचे बारीक टॅग मागाहून लावले तरी चालतील, पण ही जोडणी आधी भरा आणि डक्टच्या नकाशाशी पडताळा.

आणि मोटर बदलली म्हणून पंख्याचा टॅग बदलू नका. अनुक्रमांक मोटरचा असतो; 'तीन नंबर एएचयूचा सप्लाय फॅन' ही ओळख त्या जागेची. दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा, म्हणजे जुना ट्रेंड तुटणार नाही.