मीटर हिरवा, तान फाटलेली

शास्त्रीय बैठकींच्या रेकॉर्डिंगची कामं मी नऊ वर्षं करतोय. अजूनही मैफल सुरू झाली की पहिली दहा मिनिटं पोटात गोळा असतो. या कामात नव्याने येणारी मुलं माइक कुठला घेऊ म्हणून विचारतात. माइकचं नंतर पाहू. आधी माझी एक चूक ऐका, कारण तिने माझं एक अख्खं रेकॉर्डिंग खाल्लं.

तिसरं वर्ष असेल. मिरजेजवळच्या एका गावात बैठक होती. सत्तरीतल्या गायिका, साथीला तबला आणि पेटी, मागे मिरजेचेच दोन तानपुरे. माझे स्वतःचे दोन माइक होते, पण ते मी बॅगेतून काढलेच नाहीत. साउंडवाल्या दादांच्या मिक्सरवरून लाइन घेतली की झालं, असं ठरवूनच गेलो होतो. साउंडचेकला बाईंनी हळू आवाजात षड्ज लावला, दोन आलाप घेतले. तबलजी गट्ट्यांवर हातोडी मारत तबला सुरात आणत होते. मीटर उणे 20 डेसिबलच्या आसपास (शून्य ही कमाल मर्यादा). मी निवांत.

द्रुत सुरू झाली आणि माझ्या रेकॉर्डरवर लाल दिवा लागला. मी पटकन माझा गेन, म्हणजे रेकॉर्डर येणारा आवाज किती वाढवतो ते, खाली घेतला. लाल गेलं, हिरवं आलं, आणि तास-दीड तास मी समाधानाने गाणं ऐकलं. घरी येऊन फाइल उघडली, तर प्रत्येक जोरकस तानेची लाट फुटपट्टी लावून कापल्यासारखी सपाट. सगळे शेंडे बरोबर उणे 9वर अडलेले.

आता हे नीट समजून घ्या. गायकाचा आवाज तुमच्या कार्डापर्यंत येताना वाटेत बऱ्याच ठिकाणी लहानमोठा होतो. माइकचा बारीक आवाज मोठा करणारा मिक्सरचा प्रीअँप, चॅनेल, तुम्हाला लाइन देणारा ऑक्स (मिक्सरमधून आवाज बाहेर काढायची वेगळी वाट), त्याचं आउटपुट, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या रेकॉर्डरचा इनपुट. प्रत्येक टप्प्याला स्वतःचं छत आहे, त्याच्या वर गेलेली लाट कापली जाते आणि आवाज फाटतो. त्या दिवशी ऑक्सचा मास्टर फार वर होता, त्यामुळे ताना तिथेच छताला आपटत होत्या आणि माझ्याकडे फाटूनच येत होत्या. गेन कमी करून मी तो फाटलेला आवाज फक्त लहान केला. माझ्या मीटरला आवाजाची उंची दिसते, तो आधीच फाटलाय का ते त्याला कळत नाही. आणि स्पीकर दणदणत असलेल्या मांडवात हेडफोनवरही ते ऐकू येत नाही, निदान मला आलं नाही.

म्हणून लाल दिसलं की हात गेनकडे नेण्याआधी मिक्सरकडे जा. ‘दादा, मला येणाऱ्या ऑक्सचा मास्टर जरा खाली घ्या’ एवढंच म्हणायचं. तो खाली आला की गरज पडल्यास गेन तुमच्याकडे वाढवा. मीटर पुन्हा पुन्हा एकाच आकड्यावर जाऊन थांबत असेल, तर आधीच्या कुठल्यातरी टप्प्यावर आवाज कापला जातोय असं समजा, मग तो आकडा कितीही हिरवा असो. ऑक्स प्री-फेडर, म्हणजे चॅनेलच्या फेडरच्या (आवाज वरखाली करायच्या पट्टीच्या) आधीचा मागा, नाहीतर दादांनी मांडवासाठी आवाज वरखाली केला की तुमचंही रेकॉर्डिंग वरखाली होतं. आणि साउंडचेकच्या आवाजावर कधीच विसंबू नका. कुठलाही गायक साउंडचेकला द्रुतातल्या ताकदीने गात नाही. 24 बिटवर (रेकॉर्डरमधली रेकॉर्डिंगच्या बारकाईची सेटिंग) सरासरी उणे 18 ते 20 राहिली तरी भरपूर झालं, मीटर भरून काढण्याची गरज नाही.

यावर हमखास सांगतात की 32 बिट फ्लोटचा, म्हणजे स्वतःच्या आत सहसा आवाज फाटू न देणारा रेकॉर्डर घे, चिंता मिटेल. त्याने फक्त तुमच्या डब्यातली चिंता मिटते. ऑक्सवर फाटलेली तान तो इमानदारीने फाटलेलीच लिहून ठेवतो. आयझोटोप आरएक्स या सॉफ्टवेअरमधल्या डी-क्लिपवर, म्हणजे फाटलेला आवाज सांधणाऱ्या साधनावर, मी दोन रात्री घालवल्या. तबल्याच्या थापा बऱ्याचशा सावरल्या, लांब ताना नाही सावरल्या. तशीच गोष्ट नॉइज काढण्याच्या प्लगइनची. नवी मुलं ते जोरात लावतात आणि तानपुऱ्याची जवारीच, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झंकारच, खरवडून काढतात. मला याचा मनापासून राग येतो. ती जवारी लावायला कारागीर घोडी घासत आणि तारेखालचा दोरा केसाकेसाने सरकवत बसलेला असतो.

आठवड्याने बाईंचा फोन आला. “बाळ, भैरवी बरी आली का रे?” भैरवी खरंच बरी आली होती, ती शांत होती. बाकीचं मी खरं सांगितलं. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “पुढच्या वेळी लक्ष ठेव.” मी घेतलेले पैसे आयोजकांना परत केले. घाबरू नका, त्यानंतरही मला काम मिळालं, त्यातलं पहिलं त्याच आयोजकांकडून. लपवलं असतं तर मिळालं नसतं.

आता माझे दोन माइक लाइनच्या जोडीला कायम उभे असतात, वेगळ्या ट्रॅकवर.

पैशाचं थोडक्यात. नुसत्या बैठकींवर घर चालत नाही. ऑडिओबुक, पॉडकास्ट, डबिंग, जे येईल ते घ्या, त्यात कमीपणा नाही. निम्मे पैसे आधी मागा. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला असेल तर तो आयकर खात्याच्या नोंदीत तुमच्या नावावर दिसतो का ते बघा आणि रिटर्न भरा, मी दोन वर्षं आळस केला आणि ते पैसे अडकून पडले. फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर गेल्याशिवाय कार्ड पुसू नका.

हाताखाली शिकण्याबद्दल माझं मत कडक आहे. मी एका ज्येष्ठ इंजिनिअरकडे आठ महिने केबली गुंडाळल्या, आणि त्या गुंडाळतानाच कुठली केबल कुठून कुठे जाते ते डोक्यात बसलं. पण ते मला मिक्सिंगला शेजारी बसू द्यायचे, चुकलं तर का चुकलं ते सांगायचे. तुमचे गुरू तसं करत असतील तर पैसे कमी मिळाले तरी टिकून राहा. सहा महिने नुसत्या पेट्या उचलून घेत असतील आणि मिक्सरजवळ फिरकू देत नसतील, तर नमस्कार करून निघा.